कोकण पाहावे खाडीखाडीने

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर पिंपरी पेंढार हे गाव आहे. ऊस, कांदा, टोमॅटो आणि उसात दडून बसणारा बिबट्या ही या भागाची आजची ओळख. या गावाचा समुद्राशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. पण गावावरून जाणारा हाच रस्ता पश्चिमेला ओतूर ओलांडतो, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने माळशेज घाटात शिरतो, मुरबाडकडे उतरतो आणि कल्याणला उल्हास नदीच्या खाडीवर जाऊन पोचतो. घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचे इथे दोन वाटे होतात. कड्याच्या पूर्वेला पडलेले पाणी पुष्पावती, कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असे करत हजाराहून अधिक किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. चार पावलांवर, पश्चिमेच्या उतारावर पडलेले पाणी काळू नदीतून उल्हासला आणि तिथून अरबी समुद्राला जाते. जुन्नर तालुक्याच्या या कड्यावर उभे राहिलेला माणूस एका अर्थाने किनारपट्टीच्या उंबऱ्यावरच उभा असतो. कोकणच्या सहलीची आखणी नकाशातल्या वाळूच्या पट्टीपासून न करता या उंबऱ्यापासून करावी, असे मला वाटते. किनाऱ्यावर जे काही दिसते त्याचे मूळ बहुतेक वेळा घाटमाथ्यावरून उतरलेल्या पाण्यात आणि वाटांत असते.

महाराष्ट्राला सातशेहून अधिक किलोमीटरचा किनारा लाभला आहे, पण देशावरून कोकणात जाणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला त्यातले फारच थोडे येते. मुंबई–गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे हे दोन्ही मार्ग बहुतांशी किनाऱ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याच्या बाजूने गेलेले आहेत. त्यामुळे प्रवासी महामार्गावरून एका फाट्याला वळतो, काशीद, हरिहरेश्वर, गणपतीपुळे किंवा तारकर्ली गाठतो, दोन रात्री काढतो आणि त्याच फाट्याने परत फिरतो. समुद्रस्नान, देवदर्शन, एखादा किल्ला, माशाचे जेवण, परतताना आंब्याची पेटी. यात वाईट काहीच नाही. पण एवढ्यावर कोकण पाहिले असे म्हणणे म्हणजे पंढरपूरला जाऊन फक्त वाळवंटात फिरून येण्यासारखे आहे. कोकण खाडीखाडीने पाहावे आणि त्यासाठी पुरेसा वेळ हाताशी ठेवावा, हे माझे म्हणणे. सावकाश जाणे ही सवड असलेल्यांची चैन नव्हे. या प्रदेशाची घडणच अशी आहे की घाई केली तर त्याचा अर्थ हाती लागत नाही.

ही घडण समजून घ्यायला साधा नकाशा पुरतो. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात साधारण तीस ते साठ किलोमीटरची चिंचोळी पट्टी आहे. तीवर पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि कुठे कुठे त्याहूनही जास्त पाऊस कोसळतो. नद्या आखूड, उताराच्या आणि वेगाच्या. त्या समुद्राजवळ सखल भागात पोचल्या की भरतीचे पाणी त्यांच्या पात्रात उलटे शिरते आणि पुष्कळ आतपर्यंत जाते. गोडे आणि खारे पाणी एकमेकांत मिसळणारा हा पट्टा म्हणजे खाडी. वाशिष्ठीत भरती दाभोळपासून थेट चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत चढते. कोकणातल्या जुन्या पेठा कुठे वसल्या ते पाहा: सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, शास्त्रीच्या खोऱ्यात संगमेश्वर, आणखी दक्षिणेला राजापूर, वाघोटनच्या खाडीवर खारेपाटण. गलबताने जिथवर जाता येते आणि जिथून पुढे बैलाच्या पाठीवर माल लादावा लागतो, त्या ठिकाणी ही गावे आहेत. त्यांच्या डोक्यावर वरंधा, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा असे घाट आहेत आणि पायथ्याला बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशी बंदरे. घाट, पेठ आणि बंदर हे तिन्ही मिळून एक खाडी पुरी होते. महामार्गाने जाणारा फक्त पेठ ओलांडतो, पुळणीवर जाणारा फक्त मुख पाहतो, आणि दोघांच्याही हातून मधला दुवा निसटतो.

या दुव्याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात बोलका पुरावा जुन्नरकरांच्या अंगणात आहे. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. अभ्यासक तो साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. राजघराण्याने केलेले अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यात दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण यांचे आकडे त्यात कोरले आहेत, म्हणून भारतीय अंकांच्या इतिहासातही या लेखाला मान आहे. घाटाच्या तोंडाशी असलेला मोठा दगडी रांजण जकातीसाठी होता, असे परंपरेने सांगितले जाते. राजघराण्याने आपले यज्ञ आणि आपली दाने राजधानीत न कोरता एका घाटाच्या तोंडावर का कोरली? कारण कल्याण आणि सोपाऱ्याहून येणारा व्यापार याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जात होता, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाने तो लेख पाहावा अशी ती जागा होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, सोपारा, कल्याण आणि चौल या तिन्ही बंदरांची नावे येतात. जुन्नरच्या लेण्यांमध्ये यवन दात्यांचे तीन लेख आहेत. कोणी पाण्याची टाकी खोदवली, कोणी भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडून आलेली ही माणसे खाडीतून आत शिरली, घाट चढली आणि इथल्या डोंगरात आपले नाव ठेवून गेली. जुन्नरची लेणी पाहणे आणि सोपाऱ्याचा स्तूप पाहणे ही दोन वेगळी पर्यटने नाहीत, एकाच वाटेची ती दोन टोके आहेत.

पंधराव्या शतकात ही वाट प्रत्यक्ष चाललेल्या एका परक्या माणसाने तिचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौल बंदरात उतरला. विकायला म्हणून त्याने सोबत एक घोडा आणला होता. चौलहून पाली आणि आणखी एक गाव करत जुन्नरला पोचायला त्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. पावसाळा त्याने जुन्नरलाच काढला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, त्याच काळात चाललेली नांगरणी-पेरणी, नारळापासून केलेली दारू, लोकांची वस्त्रे, माणसाच्या हाताने न घडलेल्या खडकावर वसलेले ठिकाण आणि वर चढायची अरुंद वाट, असे सगळे त्याने टिपले. तिथल्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देईन असे बजावले. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने घोडा सुटला. पुढे निकितिन बीदरला गेला आणि अखेर दाभोळ बंदरातून परतीला लागला. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखला जाणारा त्याचा वृत्तांत आजही वाचला जातो, आणि चौलशेजारी रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. एका खाडीने आत येणे, घाट चढणे, देशावर राहणे आणि दुसऱ्या खाडीने बाहेर पडणे असा त्याचा क्रम होता. त्याने इतके पाहिले कारण त्याला पावसासाठी थांबावे लागले, घोड्यासाठी अडावे लागले, पायी चालावे लागले. आजच्या प्रवाशाने हाल सोसावेत असे कोणी म्हणणार नाही. पण थांबण्यातून दिसते आणि पळण्यातून निसटते, ही गोष्ट पाचशे वर्षांत बदललेली नाही.

मग खाडी आपल्या नजरेआड कधी गेली? फार जुनी गोष्ट नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईचा कोकणी माणूस गावी जायचा तो बोटीने. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही त्या प्रवासातली ठाणी होती. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून माणसे आणि बोचकी किनाऱ्याला लागायची आणि तिथून लहान होड्या भरतीच्या पाण्यावर आतल्या गावांना जायच्या. त्या प्रवासाचे गोडवे गाताना त्याची किंमतही विसरू नये. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रस्ते वाढले, एसटी गावोगाव पोचली, बोटी मागे पडत गेल्या आणि अखेर बंद झाल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. हे सगळे लोकांच्या सोयीचेच झाले. मात्र त्यामुळे कोकणाची दिशा उलटली. जी बंदरे गावाचा पुढचा दरवाजा होती ती परसदारी गेली, आणि बांधकामाची वाळू उपसायची व शहराचे सांडपाणी सोडायचे ठिकाण अशी खाडीची गत झाली. पर्यटन आले तेही या उलटलेल्या दिशेनेच आले, म्हणून ते पुळणीवर थांबले.

खाडीकाठी राहणाऱ्यांचे आयुष्य मात्र आजही भरती-ओहोटीवर चालते, आणि सावकाश जाणाऱ्याला हेच पाहायला मिळते. रायगड जिल्ह्यातल्या खारेपाटात भाताची शेती समुद्रसपाटीच्या जेमतेम वर, काही ठिकाणी भरतीच्या पातळीच्या खाली आहे. खारे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात, आणि पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून बांधात जागोजागी उघाड्या बसवलेल्या असतात. उघाडीचे दार फक्त बाहेरच्या बाजूला उघडते. भरतीचे पाणी बाहेरून रेटा देते तेव्हा दार घट्ट मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर वाढतो आणि दार आपोआप उघडून शेतातले पाणी खाडीत वाहू लागते. ना वीज, ना मोटार. पण दाराला फट पडली किंवा बांधाला खांड गेली की एका उधाणात शेत खारावते आणि ती जमीन पुन्हा पिकावर यायला काही पावसाळे जावे लागतात. ज्या जमिनीला इतके जपावे लागते तिच्यासाठी लोक किती चिवटपणे लढतात, याची साक्ष अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाने दिली आहे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्धचा शेतकऱ्यांचा संप इथे १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चालला. खारभूमीसाठी राज्याने १९७९ मध्ये वेगळा कायदाही केला. अलिबागचा समुद्र पाहायला जाणारे हजारो लोक या बांधांच्या शेजारून जातात, आणि तो हिरवा सपाट पट्टा माणसाने समुद्राकडून मिळवलेला आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

भरतीची वेळ ओळखायचा कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे. देशावरच्या, पंचांग जवळ बाळगणाऱ्या वाचकाला तो सहज जमेल. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. साधारण त्या वाजता पाणी पुरते भरलेले असते, आणि सव्वासहा तासांनी पुरते ओसरलेले. मुंबई-अलिबागच्या बाजूला हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. दक्षिणेकडे थोडा फरक पडतो. भरती रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटे पुढे सरकते, कारण ती चंद्रावर चालते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. मुंबईजवळ उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, सिंधुदुर्गात त्याच्या निम्म्याच्या आसपास. होडी कधी सुटेल, कालवे काढायला बायका खडकावर कधी उतरतील, जाळे कधी लावायचे, वाळूवरची वाट कधी पाण्याखाली जाईल, हे सगळे या हिशेबावर ठरते. एखाद्या ठिकाणी एक भरती आणि एक ओहोटी पाहायची तर निदान अर्धा दिवस लागतो. म्हणून मी सावकाशपणाला चैन म्हणत नाही. खाडीचे दोन चेहरे असतात आणि ते सहा तासांच्या अंतराने दिसतात. तासाभरात निघून जाणाऱ्याने त्यातला एकच पाहिलेला असतो.

अशा सहलीचा मार्ग आखणे अवघड नाही. घाट उतरून कल्याणची खाडी ओलांडली की दक्षिणेला एकेक खाडी जणू पायरीसारखी येते. कुंडलिकेच्या मुखाशी एका काठावर रेवदंड्याच्या तटबंदीचे पोर्तुगीज अवशेष आहेत आणि दुसऱ्या काठावर कोर्लई. कोर्लईत आजही काही कुटुंबे पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली स्वतःची बोली बोलतात. राजपुरीच्या खाडीत जंजिरा आहे आणि आगरदांडा–दिघी अशी फेरीबोट. सावित्रीच्या मुखावर बाणकोट आणि त्याच्या कुशीत वेळास. इथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या फेऱ्यांत मोटारी, दुचाकी, शाळेची मुले आणि माशांच्या टोपल्या एकत्र पलीकडे जातात. तिकडे त्या बोटीला जंगल जेटी म्हणतात. विजयदुर्गाला किल्ला पाहून थांबू नये. वाघोटन खाडीत आत मराठा आरमाराची जुनी गोदी आहे, आणि आरमार कुठे बांधले जात होते हे कळल्याशिवाय समुद्रातला किल्ला अर्धाच कळतो. पुढे मालवणचा सिंधुदुर्ग, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये पसरलेली देवबागची वाळूची जीभ, डचांची वखार असलेले वेंगुर्ले आणि शेवटी गोव्याच्या सीमेवरची तेरेखोलची खाडी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या एकाच यादीत जुन्नरचा शिवनेरी आहे आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गही आहेत. डोंगर आणि दर्या हे एकाच व्यवस्थेचे भाग होते, हे आता जगानेही मान्य केले आहे. आपल्या सहली मात्र अजून दोन्ही वेगळे ठेवतात.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येईल. शेतकऱ्याला पेरणी-काढणीच्या मधले चार दिवस, नोकरदाराला जोडून आलेली सुट्टी. सगळा किनारा सावकाश पाहायला महिना कोण काढणार? आक्षेप खरा आहे, पण माझ्या म्हणण्याच्या आड तो येत नाही. सावकाश जायचे म्हणजे जास्त दिवस काढायचे असे नाही, कमी ठिकाणे घ्यायची. तीन दिवसांत चार पुळणी करण्याऐवजी एकच खाडी घ्या. वाशिष्ठीचेच पाहा. कुंभार्ली घाटाने उतरा. पोफळी आणि कोळकेवाडीला हे समजून घ्या की कृष्णेच्या खोऱ्यातले कोयनेचे पाणी वीज निर्माण करून इथे पश्चिमेला सोडले जाते. मुक्काम चिपळूणला करा, गोवळकोटला खाडी पाहा, दुसऱ्या दिवशी दाभोळला उतरून तिथली सतराव्या शतकातली मशीद आणि बंदर पाहा, फेरीबोटीने धोपावेला जा, तिसऱ्या दिवशी परत फिरा. यात पैसे जास्त लागत नाहीत; उलट मोटारीचे इंधन वाचते आणि घरगुती राहण्या-जेवण्याची सोय करणाऱ्या कुटुंबाला दोन दिवसांचे उत्पन्न मिळते. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण का बुडाले हेही त्या काठावर उभे राहिल्यावर उमगते. वरून अतोनात पाऊस, धरणातून येणारे पाणी, खालून भरती आणि मध्ये गाळाने उथळ झालेले पात्र. ही बातमी दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या माणसाला खाडी प्रत्यक्ष पाहिल्यावर तिचे कारण समजते.

दुसरा आक्षेप केरळचा. निवांत जलप्रवासच करायचा तर आलप्पुळला जावे, तिथे सगळी सोय तयार आहे, कोकणात काय आहे, असे विचारले जाते. केरळने या बाबतीत आपल्याला मागे टाकले आहे हे मोकळेपणाने मान्य करावे. तिथल्या कोल्लम–कोट्टपुरम जलमार्गाला १९९३ मध्येच राष्ट्रीय जलमार्गाचा दर्जा मिळाला. कोचीत एप्रिल २०२३ पासून वॉटर मेट्रो धावते आणि बेटांवरची माणसे रोज तिने कामाला जातात. पण केरळचे बॅकवॉटर किनाऱ्याला समांतर पसरलेले, सपाट आणि बऱ्याच अंशी शांत पाणी आहे. कोकणच्या खाड्या किनाऱ्याला काटकोनात, डोंगरात घुसलेल्या आहेत. तिथे माणूस किनाऱ्याच्या कडेने फिरतो, इथे किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणून केरळची नक्कल करून खाडीत घरबोटींचे ताफे सोडण्यात शहाणपण नाही. घ्यायचे ते एवढेच, की पाण्याची वाट ही आधी तिथल्या लोकांची सोय असावी आणि पाहुण्याने तिच्यात सामील व्हावे. त्यासाठी कायद्याचा पायाही तयार आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात उल्हास, कुंडलिका–रेवदंडा, राजपुरी, सावित्री–बाणकोट, वाशिष्ठी–दाभोळ आणि शास्त्री–जयगड या खाड्यांची नावे आहेत. कागदावर आपण त्यांना वाट म्हणून मान दिला आहे, तो पाण्यावर दिसायला हवा.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. तो पर्यटकाकडून येत नाही, तिथे राहणाऱ्याकडून येतो. पाहुण्याला फेरीबोटीचे अप्रूप वाटते, पण रात्री बाळंतिणीला न्यायचे असेल, परीक्षेला पोचायचे असेल, तर खाडी म्हणजे अडसर. रेवस ते रेडी सागरी मार्गावरच्या मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचे काम राज्याने हाती घेतले आहे, आणि ते व्हायलाच हवेत. आपल्या दोन दिवसांच्या आनंदासाठी दुसऱ्याने आयुष्यभर वळसा घालावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मात्र पूल झाल्यावर नेमका धोका काय आहे तेही ओळखावे. आज फेरीबोटीसाठी थांबावे लागते म्हणून निदान वीस मिनिटे प्रवासी खाडीच्या काठावर असतो, तिथे चहा घेतो, चार माणसांशी बोलतो. पुलावरून तो खाडी काही मिनिटांत ओलांडेल आणि काठावरच्या गावांची उरलीसुरली वर्दळ संपेल. याला उत्तर पूल अडवणे हे नव्हे. पूल खाडीला आडवा जातो. खाडीच्या लांबीने, मुखापासून पेठेपर्यंत जाणारी वाहतूक त्याने बंद होत नाही. पुलांच्या बरोबरीने धक्के दुरुस्त झाले, गाळ निघाला आणि छोट्या प्रवासी होड्यांना नियमित परवाने व सुरक्षेची साधने मिळाली, तर स्थानिकाला रस्ता मिळेल आणि खाडीलाही तिचे काम परत मिळेल.

कोणी असेही म्हणेल की पुळणींची जी दशा झाली तीच उद्या खाड्यांची होईल: प्लास्टिक, गोंगाट, कांदळवनाच्या जागी हॉटेले. भीती रास्त आहे. पण आज खाडीचे सगळ्यात मोठे नुकसान पर्यटक करत नाहीत, दुर्लक्ष करते. दाभोळ खाडीतले मच्छिमार कारखान्यांच्या सांडपाण्याने मासे मरतात म्हणून वर्षानुवर्षे तक्रार करत आले, आणि त्यांचे गाऱ्हाणे देशावर क्वचितच पोचले. कारण ती खाडी पाहिलेलाच माणूस इकडे विरळा. जे पाहिले नाही त्याच्यासाठी कोणी बोलत नाही. आणि पर्यटनाने नासधूस होतेच असे नाही, याची उदाहरणे कोकणातच आहेत. वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणारा माणूस गावातल्या घरांत राहतो, म्हणून अंडी खाण्यापेक्षा राखणे गावाला परवडते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचतगटाच्या मच्छिमार समाजातल्या महिला स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. कुठले झाड तिवराचे, कुठले चिपीचे, कुठल्या मुळांत मासे अंडी घालतात हे त्या सांगतात. ज्या कांदळवनातून घर चालते ते तुटू न देणे हा त्यांचा रोजचा स्वार्थ आहे, आणि असा स्वार्थ कुठल्याही फलकापेक्षा जास्त राखण करतो. मोठी गर्दी थोड्या जागी लोटली की नाश होतो. तीच माणसे अनेक खाड्यांत विखुरली, थांबली आणि गावाच्या अटींवर राहिली, तर त्यांचा भार हलका होतो.

जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये राज्याने पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले, तेव्हापासून इथलेही लोक पाहुण्यांच्या दुसऱ्या बाजूला उभे आहेत. शिवनेरीच्या पायऱ्या चढून, लेण्याद्रीच्या गणपतीचे दर्शन घेऊन दुपारी निघून जाणारा पाहुणा आपल्याला किती ओळखतो, हे पिंपरी पेंढार, ओतूर, जुन्नरच्या रहिवाशाला चांगले ठाऊक आहे. त्याने नाणेघाट पाहावा, कुकडीची धरणे समजून घ्यावीत, बाजारात कांद्याचा लिलाव बघावा, एक रात्र राहावे, असे आपल्याला वाटते. कोकणात आपण पाहुणे असतो तेव्हा तीच अपेक्षा आपल्याकडून असते, आणि ती पुरी करणे आपल्याच हातात आहे. पुढच्या सुट्टीत ठिकाणांची यादी करण्याआधी पंचांगात तिथी पाहा, एक खाडी निवडा, तिच्या घाटाने उतरा, तिच्या पेठेत मुक्काम करा आणि तिच्या बंदरापर्यंत जा. पुढच्या वेळी दुसरी घ्या. असे करत दहा-बारा वर्षांत एखादे कुटुंब कल्याणपासून तेरेखोलपर्यंत पोचेल, आणि तोवर त्या खाड्यांचे गाळ, बांध, मासे आणि पूल हे प्रश्न त्याला परक्या मुलखाचे वाटणार नाहीत. घाटावरच्या माणसाने खाडीसाठी आवाज उठवायला लागणे, हेच अशा सहलीचे खरे फळ आहे.